चार अंशांचं पातं

ओंडक्याच्या दोन फळ्या निघाल्या होत्या, तिसरी निघायची होती. कानसने मध्येच यंत्र बंद केलं, चाकांचा ताण सैल केला आणि पातं उतरवायला घेतलं. तिचा दादा ओंडका पुढे सरकवणाऱ्या गाड्याचा दांडा धरून तसाच उभा राहिला.

"कोणाला विचारून?"

"कोणालाच नाही," ती म्हणाली आणि हातमोजे घालून तिने पात्याचं भलंमोठं वेटोळं चाकांवरून अलगद काढलं.

तिचं कागदोपत्री नाव वेगळं होतं. आरागिरणीत मात्र सगळे तिला कानसच म्हणत. लहानपणी फटकळ जिभेमुळे ते नाव पडलं आणि मोठेपणी ती करवतीच्या पात्यांना धार लावू लागल्यावर पक्कं झालं. गंमत अशी की जगातल्या ज्या एका माणसापुढे ती जीभ चालायला हवी होती, त्याच्यापुढे ती नेमकी लुळी पडत असे. तो माणूस म्हणजे दादा. करवतीवर तो उभा राही, पात्यांचं ती बघे आणि गिरणी अप्पांची, म्हणजे दोघांच्या वडिलांची होती.

शाळेच्या नव्या खोल्यांच्या जमिनीसाठी पाईनच्या फळ्या हव्या होत्या. ओंडके आले ते टेकडीच्या वाऱ्यात वाढलेल्या झाडांचे. लाकूड मऊ, पण वीतभर अंतरावर एकेक मुठीएवढी गाठ, आणि गाठ अशी कडक की खिळा वाकावा. पहिला गाडीभर माल कंत्राटदाराने जसाच्या तसा परत पाठवला. फळीवर गोटी सोडली असती तर ती नागमोडी वळणं घेत खाली उतरली असती, इतक्या लाटा होत्या. दादाने सगळं खापर धारेवर फोडलं. अप्पांनी त्याचं ऐकून घेतलं आणि नदीपलीकडच्या गिरणीतल्या जुन्या धारवाल्याला बोलावणं धाडलं. त्याने आज येऊन पाती बघायची होती. धार कच्ची निघाली, तर धारेचं टेबल त्याच्याकडे जाणार आणि कानसने यापुढे फळ्या रचायच्या, असं अप्पांनी सकाळी चहाच्या वेळी सांगून टाकलं होतं. अठरा वर्षं ती त्या टेबलाशी उभी होती.

खरं काय ते तिला ठाऊक होतं. पहिल्या लाटा दिसल्या तेव्हा दादा म्हणाला होता, दात अजून भुकेला कर. म्हणजे दात पुढे अजून झुकव. तिने आठ अंशांवरून दहा केले. लाटा वाढल्या. तो म्हणाला, अजून. तिने बारा केले, मग तेरा. पुढे झुकलेला दात लाकूड स्वतःच ओढून घेतो. नुसतं मऊ लाकूड असेल तर काम झरझर होतं. पण गाठ आली की तोच दात तिच्यात अधाशासारखा घुसायला बघतो, गाठ त्याला दाद देत नाही, आणि पातं वर नाहीतर खाली पळ काढतं. अशा लाकडाला जवळजवळ सरळ उभा दात लागतो. हे तिने एकदाच, तेही दबक्या आवाजात दादाला सांगितलं होतं. तो हसला होता. उभा दात कडक लाकडाला आणि झुकता मऊ लाकडाला, हे शेंबड्या पोरालाही कळतं, असं म्हणून त्याने तिला वाटेला लावलं होतं. आणि तीही गेली होती. त्याचा तिला आता राग येत होता, आणि दादापेक्षा स्वतःचाच जास्त.

धारवाला दुपारी आला. किडकिडीत, पांढऱ्या मिशांचा म्हातारा. त्याने चहा नको म्हणून सांगितलं, उतरवलेलं पातं बाकावर पसरलं आणि खिशातून चष्मा काढला. एकेका दातावरून नख फिरवत तो पुढे सरकत गेला. अप्पा खुर्ची पुढे ओढून बसले. अर्ध्या पात्यापर्यंत गेल्यावर म्हातारा थांबला.

"ही धार कोणाची?"

अप्पांनी तिच्याकडे बोट केलं.

"दोनशे दात आहेत आणि एकाला झाकावं, दुसऱ्याला काढावं, इतके सारखे. मला नाही जमणार हे." त्याने खिशातलं कोनमाप काढून एका दाताला लावलं. "पण तेरा अंश? या लाकडाला? हे सांगितलं कोणी?"

दादा दांड्यावरचा भुसा पुसू लागला. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"पाती तिच्याकडे असतात," दादा म्हणाला. "तिला कळायला पाहिजे."

इतकं सरळ खोटं तो बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. बरं, ते धड खोटंही नव्हतं. तेच तिला लागलं. एक बोट दादाकडे वळवलं असतं तर ती सुटली असती, आणि मूग गिळून बसली असती तरी म्हाताऱ्याच्या शब्दावर निभावलं असतं.

"सांगितलं दादाने," ती म्हणाली. "केलं मी. दहाला शंका आली होती, बाराला खात्री पटली, तरी तेरा करून दिले. धारेत चूक नाही, अप्पा. मी ऐकत गेले, ती चूक. ती पुन्हा व्हायची नाही."

ती टेबलाकडे गेली. गेले तीन दिवस जेवणाच्या सुट्टीत बसून तिने एक पातं घासून घासून चार अंशांवर आणलं होतं. ते तिने चाकांवर चढवलं आणि ताण दिला.

"मी नाही हात लावणार त्याला," दादा म्हणाला.

"नको लावूस. सरक."

गाड्याच्या दांड्याला दादाशिवाय कोणी हात लावत नसे. तो सरकला, बहुधा चकित होऊनच. तिने यंत्र सुरू केलं आणि गाडा पुढे घेतला. हळू, इतका हळू की अप्पा खुर्चीत चुळबुळ करू लागले. पहिली गाठ आली तेव्हा पात्याचा आवाज जाड झाला, पण पातं हललं नाही. दुसरी आली, गेली. फळी सुटून पडल्यावर म्हाताऱ्याने तिच्यावर लोखंडी पट्टी उभी धरली आणि खाली वाकून डोळा लावला. पट्टीखालून उजेड दिसत नव्हता. त्याने अप्पांकडे बघून नुसती मान हलवली आणि आपला चष्मा खिशात टाकला.

अप्पांनी सुस्कारा सोडला. आता सगळं गोडीगुलाबीने मिटावं असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं होतं.

"फळी चांगली आहे," दादा म्हणाला. "पण या चालीने महिना जाईल. आठ कर. मधलं काहीतरी."

"नाही."

"सहा तरी. सगळ्यांचंच मन राहील."

अप्पा घाईघाईने म्हणाले की सहा काय वाईट, सहाला काही हरकत नसावी. म्हाताऱ्याने बाहेर पाहिलं. सहाने फारसं बिघडलंही नसतं कदाचित, हे कानसला माहीत होतं. पण आठानंतर दहा आणि दहानंतर बारा-तेरा कसे आले, हेही तिला चांगलंच आठवत होतं.

"चार," ती म्हणाली. "नाहीतर टेबल या काकांनाच द्या."

ती दांड्यावरून बाजूला झाली. गाडा रिकामा उभा होता, ओंडका अर्ध्याहून जास्त शिल्लक होता. दादा बराच वेळ पात्याकडे बघत राहिला. मग त्याने पुढे होऊन दांडा धरला आणि तिच्याकडे न बघता विचारलं,

"गाठीपाशी किती हळू घ्यायचं?"

"मी सांगते," ती म्हणाली आणि त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली.