बरा दिसतो म्हणून बंद

पुण्याच्या त्या कार्यालयात स्वराज अगदी शहाण्यासारखा बसला, आणि तिथंच सगळं बिघडलं.

एरवी अनोळखी माणूस दिसला की हे चार वर्षांचं पोर आईला घट्ट धरून किंचाळायचं. जवळ कुणी आलंच, तर चावायचं. त्या दिवशी मात्र तो आजोबांच्या, रखमाजींच्या मांडीवर बसून फिरणाऱ्या पंख्याकडं बघत राहिला. समोरच्या मॅडमनी नाव विचारलं. त्यानं नाव सांगितलं. गावाचं विचारलं. त्यानं "औंढे" सांगितलं.

"छान आहे की मुलगा," मॅडम म्हणाल्या. "मग आता घरी येऊन उपचार कशाला हवेत?"

स्वराजची आई, सविता, आता पेचात पडली. पोरगा शहाण्यासारखा वागला याचा आनंद मानावा, की त्याला चिमटा काढून रडवावं?

दोन वर्षांपूर्वी तिच्या नवऱ्याला, संदेशला, जुन्या हायवेवर टेम्पोनं उडवलं होतं. सविता कितीतरी महिने त्याच्यापाशी दवाखान्यात राहिली. स्वराज तेव्हा घरी, आजोबांकडं. ती परत आली तेव्हा पोरानं तिच्याकडं पाठ फिरवली. मग एकदा जवळ आला तो सोडेनाच. ती मोरीत गेली तरी दारावर डोकं आपटायचा. जेवणाचं ताट भिरकावायचा. रखमाजी तापट. त्यांच्याकडं एकच औषध होतं, पाठीत धपाटा. संदेश लंगडत कामाला जायचा, लोणावळ्यातल्या एका हॉटेलच्या पार्किंगमध्ये उभा राहून दमून यायचा आणि भिंतीकडं तोंड करून झोपायचा.

अंगणवाडीच्या ताईंनी योजनेचं सांगितलं. लहान मुलांसाठी थेरपिस्ट घरी येणार, घरातल्या सगळ्यांना घेऊन बसणार, खर्च सरकारचा. अशी राजेश्वरीताई स्कूटीवरून औंढ्यात यायला लागली.

सुरुवातीला सगळेच वैतागले. ना गोळी, ना इंजेक्शन. ही बाई पोराला सोडून मोठ्यांनाच जमिनीवर बसवायची.

"आबा, तो डबे वाजवतोय ना? तुम्ही पण वाजवा."

"मी? ह्या वयात डबं वाजवू? लोक काय म्हंतील?" म्हणत रखमाजी पहिल्यांदा सरळ भाताच्या खाचराकडं निघून गेले.

पण ती येत राहिली. सविताला तिनं सांगितलं, "गुपचूप सटकू नका. सांगून जा. रडू दे त्याला. आबा शेजारी बसतील, ओरडणार नाहीत, आणि तुम्ही म्हणाल तेव्हा परत या." हे वाटतं तेवढं सोपं नव्हतं. पण हळूहळू रखमाजी डबे वाजवायला लागले. मग एक दिवस सविता दुकानात गेली तेव्हा स्वराज रडला, आणि रडत रडत आजोबांच्या कुशीत शिरला. त्या रात्री संदेश पहिल्यांदाच भिंतीकडं न वळता पोराकडं तोंड करून झोपला.

आणि आता कुठं हे जमतंय तोवर योजनेच्या कार्यालयातून निरोप आला. मंजूर झालेला निधी पहिल्या टप्प्यापुरता होता. पुढचा हवा असेल तर मुलाला पुण्याला आणून दाखवा.

"घरी यायची योजना हाय ना?" सवितानं राजेश्वरीताईला विचारलं होतं. "मग त्याला तिकडं कशाला न्यायचं?"

"मीही हेच विचारलं," ती म्हणाली होती. "उत्तर आलं नाही."

म्हणून ते आज इथं आले होते.

"मॅडम, तो पुरता बरा झालेला न्हाई," सविता म्हणाली. "अजून रात्री दचकून उठतो. मी दिसले न्हाई की..."

"म्हणजे इतके महिने उपयोग झाला नाही?"

"झाला की! लय झाला."

"मग गरज संपली."

"बरा झाला म्हणलं तरी बंद, न्हाई झाला म्हणलं तरी बंद," सविताचा आवाज चढला. "मग चालू राहायला पोरानं नेमकं कसं असावं, ते एकदा सांगा तरी!"

शेजारचे साहेब कागद बघत म्हणाले, "शिवाय बराचसा वेळ मुलाच्या आजोबांवर गेलेला दिसतोय. आजोबा काही लाभार्थी नाहीत."

रखमाजी स्वराजला मांडीवरून न उतरवता म्हणाले, "सायब, पोराला मारत कोण हुतं? मी. मग शिकवायचं कुणाला, त्याला का मला?"

मॅडमनी साहेबांपुढचा कागद आपल्याकडं ओढून घेतला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "ठीक आहे. आम्ही घरी येऊन बघू."

बघायला त्या लवकर आल्याच नाहीत. तोवर भेटी बंद. स्वराज पुन्हा चावायला लागला. सविता फोन करायची आणि दरवेळी एकच उत्तर मिळायचं, फाईल पुढं गेलीय. पुढं म्हणजे कुठं, ते कुणालाच माहीत नव्हतं.

अखेर एका दुपारी मॅडम आल्या, लोणावळ्यातल्या पर्यटकांच्या गाड्यांत अडकून, घामाघूम होऊन. सविता चहा टाकायला आत वळली आणि दारात आलेल्या परक्या बाईकडं बघत स्वराजनं असा सूर लावला की शेजारचे बाहेर आले. त्यानं मॅडमनी दारात काढलेली चप्पल उचलली आणि थेट उकिरड्यात भिरकावली.

रखमाजींचा हात वर गेला. सवितानं आतून बघितला. तो तसाच थोडा वेळ हवेत राहिला, मग खाली आला. म्हातारा गुडघे धरून पोरासमोर जमिनीवर बसला.

"लय राग आलाय तुला. आई चहा टाकतीया. हितंच हाय ती."

पोर लाथा झाडत होतं. आजोबा तेच तेच सांगत होते. मॅडमनी दोनदा घड्याळ बघितलं, मग अनवाणीच ओट्यावर बसल्या. खूप वेळानं स्वराज हुंदके देत आजोबांच्या खांद्यावर पडला.

"जमतंय की तुम्हाला," मॅडम हळूच म्हणाल्या.

सवितानं चहाचा कप त्यांच्यापुढं ठेवला. "आता जमतंय म्हणून बंद करू नका, मॅडम. पाया पडते."

"नाही," त्या म्हणाल्या. "तसं नाही लिहिणार."

आणि खरंच, मंजुरी आली. आठवड्याऐवजी पंधरवड्यानं भेट, आणि येणारा माणूस नवा. राजेश्वरीताईला मधल्या काळात कान्हे गावाकडचं काम दिलं होतं.

"माणसं सोडून जातात म्हणूनच ह्या पोराचं हे झालं," सविता फोनवर ओरडली, "आणि तुमी त्यावर इलाज म्हणून माणूस बदलता?" पलीकडून आवाज आला, तक्रार असेल तर लेखी द्या.

राजेश्वरीताई एका संध्याकाळी आपणहून आली. स्वराजसमोर बसून तिनं सांगितलं, की मी आता येणार नाही, अतुलदादा येईल, आणि तू माझ्या लक्षात राहशील. त्यानं तिच्याकडं बघितलंही नाही. स्कूटी वळणाआड गेल्यावर मात्र तो बराच वेळ रस्त्यावर उभा राहिला. सविता त्याच्याशेजारी उभी राहिली. आत चल म्हणाली नाही.

अतुल आला तेव्हा स्वराज पलंगाखाली शिरला. अतुलनं त्याला ओढलं नाही. तोही लांब, जमिनीवर पालथा पडून राहिला. रखमाजी कपाळावर हात मारून म्हणाले, "आता ह्याला समदं पैल्यापासनं सांगायचं व्हय?"

"सांगायचं," सविता म्हणाली. ती दमली होती, चिडली होती, पण खाली बसली. "हे बघा दादा, ह्याच्या बापाचा अपघात झाला तेव्हा हा दोन वर्षांचा होता..."