सकाळचा पहिला अर्धा तास

ज्याने आयुष्यभर घाम गाळून एखादे काम उभे केले, त्याला त्या कामातील स्वतःची चूक सर्वांत शेवटी दिसते. आणि तोवर दोष देण्यासाठी त्याच्या दृष्टीस जवळचेच माणूस पडते. धुलाईघराच्या वृद्ध मालकांचे असेच झाले होते.

इस्पितळाच्या चादरी आणि खाणावळींचे टेबलपोस धुण्याचा तो व्यवसाय त्यांनी सुनेवर सोपवला होता. मुलगा नोकरीनिमित्त परगावी. सून मात्र या कामात मनापासून रमली होती. पण नवा मीटर बसला आणि विजेचे बिल फुगू लागले. कपडे तेवढेच, यंत्रे तीच. सूनबाईचा हात सैल आहे, असे मालकांच्या मनाने घेतले. कामगारांदेखतच ते तिला म्हणाले, "आज मीटरवाला येतोय. तुझी हयगय निघाली, तर उद्यापासून कारभार मी बघेन." तिने मान खाली घातली आणि चादरीची घडी पुरी केली.

मीटरवाला आला तो बोलतच.

"काका, घरचा मीटर बिचारा साधा. महिन्यात किती वीज खाल्ली, तेवढंच मोजतो. इथला तुमचा जुना मोठा होता, तीन फेजचा. पण तोही नुसती बेरीजच करायचा. हा नवा बेरीज करतोच, शिवाय दर अर्ध्या तासाचा भार वेगळा टिपतो. महिन्यात ज्या अर्ध्या तासात सगळ्यात जास्त ओढलंत, त्याचा आकार बिलात निराळा लागतो."

"म्हणजे एकदा जेवणावर ताव मारला, की महिनाभर खादाड म्हणून नाव?"

"अगदी तसंच!"

"मग तो अर्धा तास कुणाचा, तेवढं काढा." मालकांनी सुनेकडे कटाक्ष टाकला.

मीटरवाल्याने कळ दाबली. आकडे पालटत गेले. "सकाळचा पहिला. कामगार यायच्या आधीचा. धुलाई, वाळवण, इस्त्रीचे रोलर, सगळं एकदम चालू! नंतर दिवसभर ताईंनी कसं पाळीपाळीने लावलंय बघा. मागे फोन करून बारीकसारीक विचारून घेतलं होतं त्यांनी."

मालकांनी सुनेवरची नजर काढून घेतली. तो अर्धा तास त्यांचा होता. सर्वांआधी येऊन दार उघडायचे, ओळीने सगळी बटणे दाबायची आणि मधोमध उभे राहायचे, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. सारी यंत्रे एका सुरात घुमू लागली, की आपण अजून कुणीतरी आहोत, असे त्यांना वाटे.

मीटरवाला पिशवी आवरून गेला.

"तुला ठाऊक होतं?"

"होतं, बाबा."

"मग तोंडाला कुलूप का लावलंस? मी तुझा कारभार काढून घेणार होतो!"

"एकदा लवकर आले होते मी. तुम्ही डोळे मिटून उभे होतात. सासूबाई गेल्यापासून तुम्हाला इतकं निवांत कधी बघितलं नव्हतं. ते बंद करा म्हणायला जीभ रेटेना. म्हटलं, दुसरीकडे काटकसर करू. पण पुरी पडेना."

मालकांनी कामगारांना जवळ बोलावले. "हिला मी तुमच्यासमोर बोललो, म्हणून हेही तुमच्यासमोरच सांगतो. चूक माझी होती. पोरी, माफ कर मला. उद्यापासून एकाही बटणाला हात लावणार नाही."

"असं कसं? धुलाई तुम्हीच सुरू करायची. वाळवण अर्ध्या तासाने. रोलर मी आल्यावर."

"आता मला हुकूम सोडणार का?"

"मग? मालकीण आहे ना मी!"

कामगार हसले, मालकही डोळे पुसत हसले.

दुसऱ्या दिवशी सकाळी फक्त धुलाईची यंत्रे घुमू लागली. आवाज निम्म्याहून कमी होता. म्हणूनच की काय, दाराशी सुनेची पावले वाजली, ती त्यांना प्रथमच ऐकू आली. ती नेहमीपेक्षा लवकर आली होती. ती त्यांच्या शेजारी येऊन उभी राहिली.

त्या वृद्धाला दीर्घायुष्य लाभो, त्या लेकीसमान सुनेच्या कष्टांना यश येवो, आणि त्या दोघांमधली माया अशीच अक्षय राहो.