सलग रेघ

नर्सबाईंची गाडी चार दिवसांत परत आली, तेव्हाच माझं डोकं सणकलं. पुढचा उजवा ॲक्सल आम्हीच बदलला होता, मी आणि दादाने.

"ब्रेक दाबला की टक् होतं," त्या म्हणाल्या. "आईला घेऊन रोज तो मोठा उतार उतरते हो मी. जीव मुठीत धरून."

"ब्रेकच्या डिस्कमागचा पत्रा वाकला असेल, दुसरं काय," मी म्हणालो. ॲक्सल काढताना तो हमखास वाकतो. पत्रा सरळ केला, गल्लीत एक फेरी मारली. आवाज आपला तिथेच. पुढे जाताना ब्रेक दाबला की टक्, मागे घेऊन दाबला की परत टक्. पत्रा असता तर खरखरला असता. इथे काहीतरी जागचं हलत होतं.

दादा गॅरेजच्या दारात उभा होता, दोन्ही हात खिशात. दोन वर्षं झाली त्याचे हात थरथरतात, आणि दोन वर्षं आम्ही सगळे दिसत नसल्याचं सोंग घेऊन बसलोय. वहिनी त्याचा चहाचा कप अर्धाच भरते, तेवढंच.

वडिलांचा एक नियम होता. बोल्ट जो पूर्ण आवळेल त्यानेच त्यावर पिवळ्या रंगाची रेघ मारायची, अर्धी बोल्टवर, अर्धी शेजारच्या लोखंडावर. रेघ असली की दुसऱ्याने पाना लावायचा नाही. लावला तर तो त्या माणसाचा अपमान. मी दोन वर्षं हा अपमान चोरून करत होतो. दादा हात धुवायला गेला की त्याचा एकेक बोल्ट पुन्हा आवळायचा, रेघ सरकली तर पुसून नवी मारायची.

फक्त नर्सबाईंचा ॲक्सल बदलला त्या दिवशी नाही. त्या दिवशी आमचं वाजलं होतं. गिऱ्हाइकासमोर मला म्हणाला, "तू अजून शिकतोयस." पंचेचाळिशी उलटली माझी. मी पाना आपटला आणि घरी गेलो. म्हटलं, मर जा.

चाक काढलं. डिस्कला चिमटीत धरणारा ब्रेकचा कॅलिपर दोन बोल्टांवर बसतो; ॲक्सल बदलताना तो काढावाच लागतो. खालचा घट्ट होता. वरच्या बोल्टवरची रेघ नागमोडी होती, पण सलग. बोल्ट मी दोन बोटांनी फिरवला, तर फिरला.

"आपोआप सैल झाला असेल," मी नर्सबाईंना ऐकू जाईल असं म्हणालो.

दादा वाकला. मी रेघेवर बोट ठेवलं होतं, ते त्याने बाजूला केलं. "आपोआप सुटला असता तर रेघ तुटली असती. तू फिरवलास तेव्हा तुटली," तो म्हणाला. मग त्यांच्याकडे वळला. "आवळलाच नव्हता बाई. चूक माझी."

त्यांनी बाहेर जाऊन आईला फोन लावला.

मी बोल्ट आवळला आणि रंगाची डबी दादापुढे धरली. मला लाज वाटत होती. त्याने ती घेतली नाही.

"त्या दिवशी तू मागून तपासलं नाहीस ना?"

"तुला माहीत होतं?"

"तुझी रेघ कुठली, माझी कुठली, कळत नाही होय मला? तू मागे आहेस म्हणून तर पाना धरत होतो."

त्याने स्वतःचा पाना उचलला आणि माझ्या पेटीत ठेवायला गेला. पाना पेटीच्या काठावर तीनदा आपटला, मग आत पडला. या वेळी मी दुसरीकडे बघितलं नाही.