तळ्याकडून डोंगराकडे

उपेंदुराने वाळूत गुडघे टेकून पिकअपच्या मागच्या चाकातली हवा सोडली. फुस्स आवाज येत राहिला, तशी केनापेता खिडकीतून डोकं काढून हसली.

"परत भरताना हसशील का अशी?" तो लेकीला म्हणाला.

"मी नाही भरणार. आजी भरेल."

"भरीन की," वेझेंबा आतूनच म्हणाली. "तुझ्या बापाच्या आधी भरीन."

मऊ पडलेल्या चाकांनी वाळू धरली आणि गाडी हलली. तळ्याकाठचं गाव सकाळीच मागे पडलं होतं. तळं यंदा आटलेलं. भेगाळलेल्या मातीत गुरं उगाच उभी होती. वेझेंबाचा जन्म तिथलाच, पण तिचा बाप लहानपणी पलीकडच्या देशातून हीच वाट चालत आला होता. तिथल्या डोंगराखाली जर्मन फौजेच्या तोफा सुरू झाल्या, तेव्हा त्याच्या हेरेरो जमातीची माणसं गुरांसकट वाळवंटात शिरली. तहानेने वाटेतच बहुतेक संपली. बापाचे आईबापही तळ्यापर्यंत पोचले नाहीत.

बापाच्या गोष्टीत डोंगर आधी यायचा आणि तळं शेवटी. आता ती गोष्ट काचेबाहेर शेवटाकडून चालली होती.

"आता पांढरा दगड लागेल," ती म्हणाली, आणि चुन्यासारख्या दगडाची उघडी माळरानं लागली. सरहद्दीचं फाटक ओलांडल्यावर ती म्हणाली, "आता तांबडी वाळू." झुडपांनी धरून ठेवलेल्या तांबड्या टेकड्या एकामागून एक उठू लागल्या, वाऱ्याने पिवळं गवत त्यांच्यावरून पळत होतं.

"आई, तू कधी आली होतीस इथं?"

"नाही रे."

"मग?"

"आता काटे," ती म्हणाली. काट्यांची झाडं इतकी दाटली की फांद्या दारावर खरखरू लागल्या. केनापेताने काच वर घेतली. मग झाडं एकदम बाजूला झाली आणि वर सपाट, अंगाने तांबडा असा डोंगर समोर उभा राहिला. वेझेंबाने नातीच्या मांडीवरचा शिंगांच्या आकाराचा फेटा घेतला, आरशात पाहून डोक्यावर बसवला आणि झग्याचे घोळ सारखे केले.

डोंगराखालच्या वस्तीत मुहारुकुआ म्हातारा पूर्वजांसाठी कायम पेटता ठेवलेल्या विस्तवापाशी खुर्ची टाकून बसला होता. बापाचं घराणं हेच, असं तिला तळ्याकडच्या जुन्या माणसांनी सांगितलं होतं. त्याने विस्तवापाशी नेऊन तिचं नाव पूर्वजांना कळवलं, तर ती घरची. नाही तर पाहुणी; दूध प्यायचं आणि परत फिरायचं.

"तळ्याकडचे का? बसा," तो म्हणाला. "देश स्वतंत्र झाल्यापासून जो तो आमचाच भाऊबंद निघतो. मागे एकजण आला. आजोबाचं नाव विचारलं, तर खिसे चाचपायला लागला."

"माझा बाप काइझेमी. पोर असताना इथून गेला."

"असेल बाई. गेला तेव्हा पोर होता म्हणतेस. आम्हाला कुणाला आठवणार?"

समोरच एक बाई गाय दोहत होती. तिने दुधाने भरलेला पोकळ भोपळा आणून वेझेंबाच्या हातात दिला. वेझेंबाने भोपळ्याकडे पाहिलं, मग गायीकडे. गाय भुंडी होती, कपाळ नुसतं गुळगुळीत.

तिने भोपळा खाली ठेवला.

यजमानाचं दूध नाकारणारा पाहुणा उपेंदुराने आजवर पाहिला नव्हता. त्याच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"आई, घोटभर तरी घे. एवढ्या लांबून आलो ते यासाठी का?"

"नाही जमायचं."

"का गं?" म्हाताऱ्याने विचारलं. "आमचं दूध आंबट लागतं?"

"रागावू नका," वेझेंबा म्हणाली. "माझ्या बापाच्या घरात भुंड्या गायीचं दूध येत नसे. कारण त्यालाही ठाऊक नव्हतं, आई पीत नव्हती एवढंच त्याला आठवायचं. सासरी जाऊन मी सासरचे सगळे नेम घेतले. हे मात्र घशाखाली उतरतच नाही."

वासरू हंबरलं. म्हाताऱ्याने वाकून भोपळा उचलला आणि कुंपणाला टेकून उभ्या असलेल्या शेजाऱ्याकडे केला.

"घे रे, तुझ्या गायीचं तूच पी. आमच्या घरात कोण पिणार ते?"

मग तो घराकडे तोंड करून ओरडला, "आपल्या गायीचं आणा गं!" आणि वेझेंबाला म्हणाला, "उन्हात काय बसलीस? ये इकडे. तिकडून नको, मागून वळसा घालून ये. विस्तव आणि घर यांच्यामधून आपण जात नाही."

ती वळसा घालून आली. उपेंदुरा आणि केनापेता तिच्या पावलावर पाऊल टाकत आले. म्हाताऱ्याने तोंडात पाणी घेऊन आशीर्वाद म्हणून तिघांवर फुंकलं. केनापेताने डोळे मिटले, पण चेहरा पुसला नाही. विस्तवाकडे वळून त्याने एकेकाचं नाव सांगितलं, काइझेमीचं सांगितलं, काइझेमीच्या आईबापांची नावं वेझेंबाला विचारून घेऊन तीही सांगितली. मग थांबला.

"तुझ्याकडून काही सांगू का त्यांना?"

वेझेंबाने डोंगराकडे पाहिलं, मग आल्या वाटेकडे.

"सांगा," ती म्हणाली, "त्यांच्याच वाटेनं आम्ही बसून आलो. गाडीतून."

म्हातारा खाकरला, खुर्चीचा आधार सोडून सरळ उभा राहिला आणि आधीपेक्षा मोठ्या आवाजात सांगू लागला.