पूजेत दाबलेलं पहिलं बटन

मी मत मोजायचा डबा बोलून राहिलो. लोक मले मशीन म्हणत. आता भिलाईत, रिसालीतल्या एका मराठी मंडळाच्या कपाटावर धूळ खात पडलो आहो, पण त्या दिवसाचा धक्का काही माझ्यातून जात नाही. बापरे, माणसं असंही करतात?

मले बनवलं नरहरीनं. भिलाईच्या कारखान्यात तो मीटर दुरुस्त करे. साल त्र्याऐंशी असन. केरळात मशीनवर मतदान झाल्याचं त्यानं पेपरात वाचलं आणि त्याले चैन पडेना. कॅम्प-एक वस्तीतल्या भंगारवाल्या कबाड्याकडून टिनाचा डबा आणला, दोन बटनं लावली आणि आत प्रत्येक बटनाचं आकडा पुढे सरकवणारं काउंटर बसवलं. घरचा रेडिओ बिघडून पडला होता, त्यावरून बायको रोज बोले, पण हा आपला माझ्यातच बुडालेला. मले मोठा अभिमान वाटे.

याच मंडळाच्या अध्यक्षाची निवडणूक होती. पहिलं बटन उमाकांत साहेबांचं. ते नरहरीच्याच खात्याचे साहेब, आणि मंडळातले अर्धेअधिक मेंबर त्यांच्या हाताखालचे. दुसरं बटन रत्नमालाबाईचं. त्या शाळेत शिकवत. त्यांचं म्हणणं एकच, खुर्सीपार वस्तीतल्या, ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या मराठी लोकायलेही मेंबर करा. मेंबर नसन तर मंडळाचा हॉल मिळत नसे. तिकडच्या रमाबाईच्या पोरीचं लग्न ठरलं होतं. ती बिचारी सकाळपासून बाहेर पायरीवर बसून होती. बाई जिंकल्या तर तिले हॉल मिळणार होता.

तो दिवस विश्वकर्मा पूजेचा. सकाळी नरहरीनं दोन्ही उमेदवारांले माझे आकडे दाखवले. दोन्हीकडे शून्य. मग आकड्यांवर कागद चिकटवून लाखेचं सील मारलं. इथपर्यंत सगळं ठीक.

पण पूजा केल्याशिवाय मशीन चालू करायची भिलाईत कोणाची टाप आहे? मले हळदकुंकू लावलं, हार घातला, नारळ फुटला. आणि कारखान्यातली रीत अशी का पूजा झाली की एकेकानं हात जोडून मशीन जराशी चालवून पाहायची. सगळ्यांनी मोठ्या भक्तिभावानं पहिलं बटन दाबलं. बायामाणसं, म्हातारे, सगळे. कोणी एकदा, कोणी तीनदा. मी आतून ओरडून राहिलो, अरे बाबाहो, मी हे मोजून राहिलो न! माझं कोण ऐकते? नरहरी खोबरं वाटण्यात गुंग होता. प्रसाद संपला आणि लगेच मतदान सुरू झालं.

संध्याकाळी सील तोडलं. उमाकांत साहेब जिंकले. टाळ्या झाल्या, हार आला. तेवढ्यात रत्नमालाबाई उठल्या. माणसांपेक्षा मतं जास्त कशी, असं त्यांनी विचारलं. मग त्यांचं त्यांनाच आठवलं.

"पूजेत आपण सगळ्यांनी पहिलं बटन दाबलं. मीसुद्धा. ते मोजल्या गेलं."

त्यांनी चिठ्ठ्या टाकून पुन्हा मत घ्या म्हटलं. उमाकांत साहेब हसले. "चिठ्ठ्या कायले? सगळी घरचीच माणसं आहेत. हात वर करा."

बाईंचा चेहरा उतरला. तुमच्यासमोर लोक भितात, हे त्या भर सभेत कसं म्हणणार?

बाईंच्या बाजूचे हात मागितले. मी वाट पाहून राहिलो. पूजेची मतं सोडली तर दुपारी दुसऱ्याच बटनावर जास्त बोटं पडली होती, बाई चांगल्या निवडून आल्या होत्या. आणि आता हात उठले चार-पाच. बाकीचे पंख्याकडे पाहत बसले. एकानं उगाच लेकराचं नाक पुसलं. आणि माझा नरहरी? माझ्या तारा झाळताना भाजलेलं त्याचं बोट मी आंधळा असतो तरी ओळखलं असतं. दुपारी त्याच बोटानं दुसरं बटन दाबलं होतं. आता तो हात त्याच्या खिशात होता. साहेबांकडे पाहून तो मान हलवून राहिला होता. मी पार हादरलो.

मले काखेत मारून तो बाहेर आला. रमाबाई लगबगीनं उठली. "भाऊ, झालं का जी आमचं?"

"नाही न बाई," तो म्हणाला. "मशीनच बिघडली."

तिच्या पोरीचं लग्न रस्त्यावर मांडव टाकून लागलं.

आता म्हणे देशभर नवीन मशीनी येणार. माझ्याखाली बसून मंडळातले लोक तावातावानं भांडतात, मशीनवर भरोसा ठेवायचा का नाही. भांडा न, भांडलंच पाहिजे. मलेही खाली उतरवा, खोला, एकेक तार तपासा. पण त्याआधी कोणीतरी खुर्सीपारले जा आणि त्या बाईले सांगा, मी बिघडलो नव्हतो.