पिंपाचा बाप

आमच्या गावात माणसाला पहिला मुलगा झाला की त्याचं स्वतःचं नाव संपतं. तन्नूसला शाहीन झाला आणि तो अबू शाहीन झाला, म्हणजे शाहीनचा बाप. त्याची बायको उम्म शाहीन. माझा नवरा मात्र साठी उलटली तरी फहीमच राहिला आणि मी वदादच. आम्हाला मूल झालं नाही. त्याचं जे काही रडायचं होतं ते रडून झालंय, तेव्हा पुढचं सांगते.

सात वर्षांपूर्वी फहीमने चाळीस किलो हिरवी कॉफी आणली. हिरवी म्हणजे न भाजलेली. लढाईच्या दिवसांत त्याच्या आईने चणे भाजून त्यांची कॉफी केली होती, ती चव याच्या जिभेवरून काही गेली नाही.

"भाजलेली कॉफी महिन्याभरात मरते, वदाद. हिरवा दाणा वर्षानुवर्षं जगतो. वाईट दिवस आले की सगळा डोंगर चणे पिईल आणि आपण कॉफी!"

दाणे निळ्या पिंपात भरले, झाकणाच्या कडेने मेण ओतलं आणि पिंप तळघरात इतक्या अलगद उतरवलं की आत कुणी झोपलंय असं वाटावं. उतरवायला हात लावत होता शेजारचा तन्नूस. घाम पुसत म्हणाला, "मुबारक, फहीम! अखेर तूही बाप झालास. अबू बर्मील!"

बर्मील म्हणजे पिंप. संध्याकाळपर्यंत नाव गावभर झालं. मुलं हाक मारून पळायची, फहीम मान वळवायचा नाही. तन्नूसशी त्याने बोलणंच टाकलं. भिंतीला भिंत लागून घर, पण सात वर्षांत एक शब्द नाही. लागलं तर मलाही होतं, पण बायकांना एवढा अबोला परवडत नाही. उम्म शाहीनकडून मला दर आठवड्याला विरजण आणावं लागायचं.

पिंप काही उघडलं नाही. बँका बंद पडल्या. फहीम म्हणाला, "ही आणीबाणी नव्हे." वीज दिवसाला दोन तासांवर आली. "अजून नाही." मग दुकानातल्या कॉफीतच चणे निघायला लागले, तेव्हा मी जिन्याकडे बोट दाखवलं.

"अगं, याहून वाईट येईल."

म्हणजे चणे प्यायला लागू नयेत म्हणून ठेवलेली कॉफी राखण्यासाठी आम्ही चणे पीत होतो! वर रिकामा पेला माझ्या हातात देताना हा माणूस रोज म्हणायचा, "दायमे!" कायम राहो, असा त्याचा अर्थ. कॉफी देणाऱ्याला आमच्याकडे हे म्हणावंच लागतं. फक्त मयताच्या घरी हा शब्द तोंडातून काढायचा नसतो. तिथे बिनसाखरेची कडू कॉफी प्यायची, "देव त्याला शांती देवो" म्हणायचं आणि पेला गुपचूप ठेवायचा.

यंदा फेब्रुवारीत बर्फ पडलं आणि घाटरस्ता बंद झाला. दुसऱ्या दिवशी पहाटे तन्नूस झोपेतच गेला. शाहीन खाली किनाऱ्यावर अडकलेला. दुकान रिकामं. मी गेले तेव्हा उम्म शाहीन नवऱ्याजवळ नव्हती, स्वयंपाकघरात बरण्या उपड्या करत होती. चमचाभर पूड निघाली.

"वदाद, आता सगळं गाव दारात येईल. अबू शाहीनच्या मयताला मी काय पाणी पाजू लोकांना?"

पिंपाचं नाव तिने काढलं नाही. तिलाही अब्रू होती. मीही काही कबूल केलं नाही, तशीच घरी आले.

फहीम शेगडीजवळ बसला होता. तन्नूस गेल्याचं त्याला कळलं होतं, डोळे लाल होते. मी कॉफीचं सांगितलं.

"ही आणीबाणी आहे की नाही, एवढं सांग. का आणीबाणीला शिंगं असतात?"

"त्याने मला काय म्हटलं होतं, विसरलीस?"

"विसरेन कशी? तू पिंपाचा बाप, तर आई कोण, मीच ना? मग मुलावर माझाही हक्क आहे. जा, घेऊन ये त्याला वर."

तो उठला आणि हत्यारांच्या पेटीतून छिन्नी काढली.

लांब दांड्याच्या लोखंडी तव्यावर मी पहिला घाणा टाकला आणि त्याचा कोळसा केला. इतका धूर झाला की समोरची म्हातारी "आग! आग!" ओरडत सुटली. दुसऱ्या घाण्याला हात बसला. दाणे तडतडले, सालं उडाली आणि सात वर्षं झोपलेला तो वास घरभर उठून बसला. फहीमने मूठभर दाणे नाकाशी धरले. मग त्याचा चेहरा पडला.

"वदाद, दळायची कशी?"

चक्की विजेवरची, आणि बर्फ पडल्यापासून ते दोन तासही वीज नव्हती. मेणबत्त्या होत्या, रॉकेल होतं, काडेपेट्याही मेणात बुडवून ठेवल्या होत्या. जगबुडीची तयारी केलेल्या माणसाने दळायचा विचारच केला नव्हता! मी तोंडात रुमाल कोंबून हसले. शेजारी मयत, दुसरं काय करणार?

गावात मोठं लाकडी उखळ एकच, तन्नूसच्या बैठकीत. त्याच्या वडिलांचं, नक्षीचं. म्हणून फहीम सात वर्षांनी त्या उंबऱ्यात पाऊल टाकून आत गेला आणि शोक करायला जमलेल्या पुरुषांच्या मधोमध बसून कॉफी कुटायला लागला.

आता आमच्याकडे उखळात कॉफी कुटतात ती तालावर. तो ताल ऐकून शेजारी गप्पांना येतात, तो आनंदाचा असतो. फहीमने आधी साधंच कुटलं. ठक. ठक. पण हात जुना होता, आपसूक घसरला. ठक-टका-ठक, ठक-टका-ठक. पाद्रीबाबा खाकरले. फहीम दचकला, पुन्हा ठक, ठक. दोन मिनिटांत पुन्हा तेच. बसलेल्यांचे पाय हलायला लागले. पाद्रीबाबांच्या झग्याखालीही एक बूट हलत होता, मी स्वतः पाहिला.

मी उकळली, वेलची टाकली, साखर नाही. पहिला पेला चव बघायला फहीमच्या हातात दिला. त्याने घोट घेतला, डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी खरी कॉफी! पेला माझ्याकडे करत तो खणखणीत म्हणाला,

"दायमे!"

मयताच्या घरी, कायम राहो! पाद्रीबाबांनी छातीवर क्रूसाची खूण केली. फहीमचा चेहरा पांढराफटक. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

उम्म शाहीन दारात उभी होती. तिने फहीमकडे पाहिलं, पिंपातल्या कॉफीच्या त्या पेल्याकडे पाहिलं.

"शाहीनचा बाप रोज सकाळी म्हणायचा," ती म्हणाली, "याचं पिंप काही मी गेल्याशिवाय उघडायचं नाही. सात वर्षं वाट बघत होता रे, तू एकदा बोलावशील म्हणून." मग तिने कपाळावर हात मारला. "जिंकला मेला!"

आणि ती हसत सुटली. हसता हसता रडायला लागली, तेव्हा कुठे आम्हालाही रडता आलं. फहीम तर उखळाला मिठी मारून रडला, लहान मुलासारखा.

तीन दिवस पिंपातली कॉफी गाव प्यायलं. चौथ्या दिवशी रस्ता मोकळा झाला आणि शाहीन आला. बापाच्या कबरीवरून थेट घरी. आईने त्याच्या हातात पेला दिला. त्याने घोट घेतला आणि भरल्या डोळ्यांनी विचारलं, "अशा दिवसांत ही कॉफी कुठून आणलीस, आई?"

"अबू बर्मीलकडून," ती बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

आत स्वयंपाकघरात फहीम दाणे भाजत होता, त्याचा तवा वाजायचा थांबला.

"आलो, उम्म शाहीन," आतून फहीम म्हणाला, "पोराला अजून एक देतो."