डाव्या बाजूची थाप

व्हर्जिल टेटला आणखी एक वर्ष टीममध्ये ठेवायचं की सोडायचं, यावर त्या मार्च महिन्यात टोलेडोतल्या प्रत्येकाचं काही ना काही मत होतं. न्हाव्याचं होतं, पेट्रोल पंपावरच्या बाईचं होतं, रेडिओवर दिवसभर घसा खरवडणाऱ्या दोघांचं तर होतंच होतं. ज्यांनी जन्मात कधी अमेरिकन फुटबॉलचा तो लांबट बॉल हातात धरला नाही, तेही व्हर्जिलच्या गुडघ्याबद्दल असे बोलत, जणू तो गुडघा त्यांच्याकडे भाड्याने राहत होता. लिओ ग्राबोव्स्कीला या सगळ्या मतांचा आता वीट आला होता.

लिओ टीमच्या लाइनचा कोच. लाइन म्हणजे पुढे उभी राहणारी पाच धिप्पाड माणसं. बॉल घेऊन पळणाऱ्याचे फोटो छापून येतात. त्याला वाट करून देणारे हे पाच जण नुसता मार खातात. पाचांच्या मधोमध सेंटर. बॉल पायांमधून मागे देऊन खेळ सुरू करायचा तो त्यानेच. अकरा वर्षं ती जागा व्हर्जिलची होती. पण गेल्या तीन वर्षांत आधी गुडघा, मग घोटा, मग हाताचं हाड आणि शेवटी डिसेंबरमध्ये पुन्हा तोच गुडघा.

"लिओ, हा माणूस मैदानात कमी आणि दवाखान्यात जास्त असतो," जनरल मॅनेजर केंट मॅबरी बैठकीत म्हणाला होता. मॅबरी अजून चाळिशीचाही नव्हता आणि कधी दमायचा नाही, म्हणून लिओला तो आवडत नसे.

"अर्धा व्हर्जिल तुझ्या कुठल्याही अख्ख्या पोराला भारी आहे," लिओ म्हणाला होता. आणि हेच तो दर बैठकीत म्हणत राहिला, इतका की लोक त्याला बघून खुर्चीत मागे रेलायला लागले.

खरं सांगायचं तर हे भांडण निव्वळ व्हर्जिलसाठी नव्हतं. लिओ चौसष्टचा झाला होता आणि त्याचा स्वतःचा करार पुढच्या हंगामापुरताच होता. नवा सेंटर घडवायचा म्हणजे पहिल्या अक्षरापासून सुरुवात. तेवढा दम आता त्याच्यात नव्हता. व्हर्जिल असला की लाइन आपली आपण उभी राहायची, आणि लाइन उभी राहिली तर लिओची नोकरीही उभी राहणार होती.

आज सकाळी मॅबरीने हात टेकले. "ठीक आहे. एक वर्ष. तू म्हणतोस म्हणून, हे लक्षात ठेव. आता तूच जाऊन सांग त्याला. दुपारी मी त्याच्या एजंटशी बोलतो."

लिओचा जीव भांड्यात पडला. आनंद म्हणावा असं काही वाटलं नाही, पाठीवरचं ओझं कुणीतरी घटकाभर खाली घेतलं एवढंच. कडेला साचलेल्या काळ्या बर्फातून गाडी काढत तो नदीपलीकडे व्हर्जिलच्या घरी गेला.

दार व्हर्जिलच्या बायकोने, लॉरीनने उघडलं. एरवी ही बाई कोट उतरवायच्या आत कॉफी हातात द्यायची. आज नुसती बाजूला झाली.

"चांगली बातमी आहे वाटतं," ती म्हणाली. "तोंडावर दिसतंय."

"आहे खरी. कुठाय तो?"

"मागे. धूर खातोय."

व्हर्जिल मागच्या अंगणात मांस भाजायच्या लोखंडी भट्टीपुढे उभा होता. डुकराच्या बरगड्या सकाळपासून मंद आचेवर चढवलेल्या. हंगामात दर गुरुवारी लाइनमधल्या सगळ्यात जुन्या माणसाने बाकीच्यांना जेवू घालायचं, हा त्यांचा रिवाज. हंगाम संपला तरी व्हर्जिलची ही सवय सुटत नसे. आज गुरुवारच होता, आणि खाणारं कुणी नव्हतं.

त्याची पाठ लिओकडे होती. लिओ पाय न वाजवता मागून गेला आणि त्याने व्हर्जिलच्या डाव्या कमरेवर थाप मारली.

ही थाप म्हणजे त्यांच्यातली जुनी गंमत. बाहेरगावच्या मैदानावर प्रेक्षक असा कल्ला करतात की ओरडून दिलेली हाक कुणाला ऐकू येत नाही. तेव्हा मागे बॉल घ्यायला उभा असलेला क्वार्टरबॅक पाय उचलतो, सेंटरच्या शेजारी लाइनमध्ये उभा असलेला डावीकडचा गार्ड वळून ते बघतो आणि सेंटरच्या कमरेवर थाप मारतो. सेंटरने मनात एक मोजायचा आणि बॉल सोडायचा. लिओने कुठेही, अगदी चर्चच्या पायरीवरसुद्धा, थाप मारली तरी व्हर्जिल एक मोजून दोन्ही हात पायांमधून मागे फेकायचा आणि मग दोघं वेड्यासारखे हसायचे.

आज व्हर्जिल हलला नाही. चिमट्याने कोळसा सारत राहिला.

रुसलाय, लिओला वाटलं. दोन आठवडे टांगून ठेवलं की कुणीही रुसेल.

"अरे ए म्हाताऱ्या!" तो म्हणाला.

व्हर्जिल दचकून वळला. "कोच! कधी आलात?"

"आत्ताच. ऐक, मॅबरी हो म्हणाला. एक वर्ष."

व्हर्जिलचं ते भलंमोठं तोंड आधी उघडं पडलं आणि मग हळूहळू पसरलं. त्याने लिओला मिठीत घेतलं, सोडलं, चिमटा खाली ठेवला आणि भट्टीला टेकून उभा राहिला. "मला वाटलं संपलं सगळं," तो म्हणाला. "खरंच वाटलं हो. काल लॉरीनला म्हणालो, आता मुलांना पोहायला शिकवतो. मला स्वतःला कुठे येतंय पोहता!"

तो बोलत राहिला. नव्या हंगामाबद्दल, वजन उतरवण्याबद्दल. मग लिओला वास आला. मांसाचा नव्हे, कापड करपल्याचा.

भट्टीच्या कडेची निखाऱ्यांची पेटी चांगलीच तापलेली होती आणि व्हर्जिलची डावी मांडी तिलाच टेकली होती. विजारीचं कापड वितळून तपकिरी झालं होतं. व्हर्जिल हसत बोलत होता.

"बाजूला हो!" लिओ ओरडला. त्याने दंडाला धरून त्याला ओढलं. कापडाचा तळहाताएवढा तुकडा पेटीला चिकटून राहिला आणि खाली लालबुंद कातडी दिसली.

व्हर्जिलने खाली पाहिलं. "च्यायला," तो म्हणाला. "थंडीने बधिर झालंय सगळं."

"व्हर्ज, मघाशी मी तुला थाप मारली होती."

व्हर्जिलने विजारीच्या भोकावर हात धरला.

"कधीपासून?"

"कोच, आज नको. आजचा दिवस चांगला आहे."

"कधीपासून, गाढवा?"

"ऑक्टोबर." त्याने चिमटा पुन्हा उचलला, काहीतरी हातात असावं म्हणून. "कमरेपासून गुडघ्यापर्यंत. बाकी ठणठणीत आहे."

लिओला ऑक्टोबर आठवला. डेन्व्हरचा सामना. तिथे प्रत्येक वेळी बॉल अर्धा क्षण उशिरा सुटत होता. लिओने सगळ्यांसमोर डावीकडच्या गार्डला, फिनाऊला, झोडपून काढलं होतं. तुझा हात झोपलाय का, आईने खाऊ नाही घातलं का, काय वाटेल ते. फिनाऊने मान खाली घालून सगळं ऐकून घेतलं होतं. पुढच्या सामन्यापासून बॉल वेळेवर सुटायला लागला आणि लिओने बोलण्याचा कसा उपयोग होतो म्हणून स्वतःचीच पाठ थोपटून घेतली होती.

"फिनाऊला माहीत होतं," तो म्हणाला.

"थाप तोच मारतो, त्याला नाही कळणार? नंतर नंतर तो बरगडीत कोपरच घालायचा. बरगडीत कळतं मला."

"आणि मला एका शब्दाने सांगितलं नाहीत?"

"लाइनमधलं लाइनमध्येच राहतं. कुणी शिकवलं आम्हाला?"

"जानेवारीत अख्खी तपासणी झाली तुझी. डॉक्टरांनी सही केलीय!"

"डोळे मिटायला सांगतात आणि सुई टोचतात. टोचलं की हो म्हणायचं. आपला डॉक्टर सवयीचा माणूस आहे हो. टोचतो, दोन मोजतो, टोचतो." व्हर्जिल ओशाळवाणं हसला. "अकरा वर्षं मी दुसरं काय केलंय, कोच? मोजलंच ना?"

लिओला हसू फुटता फुटता राहिलं. तो बर्फ झटकून बाकावर बसला. "दुसऱ्या कुणाला दाखवलंस?"

"लॉरीनने नेलं क्लीव्हलंडच्या एका डॉक्टरकडे. मणक्यात आहे म्हणतो. आणखी एक दणका नेमका तिथेच बसला तर पाय जाईल. कदाचित दोन्ही."

"मग?"

"मी विचारलं, कदाचित म्हणजे किती?"

लॉरीन जळल्यावर लावायचं मलम घेऊन दाराशी आली होती. वास तिलाही गेला असणार. "मला काही विचारू नका," ती लिओला म्हणाली. "याने शपथ घातलीय मला, मुलांची. पण तुमच्यावर कुणाची शपथ नाही." ती मलम घेऊन तिथेच उभी राहिली.

व्हर्जिल लिओपुढे खाली बसला. हे बसणंही त्याने सगळा भार उजव्या पायावर टाकून केलं. आता लिओला ते दिसत होतं. इतके महिने कसं दिसलं नव्हतं कोण जाणे.

"कोच, डिसेंबरमध्ये मला गाडीवर घालून बाहेर नेलं. साठ हजार माणसं बघत होती. असं उताणं पडून आभाळाकडे बघत नाही जायचं मला. एक वर्ष द्या. शेवटच्या सामन्यात माझ्या पायांनी चालत बाहेर जातो आणि संपवतो. कुणाला कळणार नाही."

खरोखरच कुणाला कळणार नव्हतं. मॅबरीने हो म्हटलंय, डॉक्टरांची सही आहे, फिनाऊचं कोपर आहे. लिओने फक्त गप्प बसायचं होतं. गप्प बसलं की लाइन उभी राहील, नोकरी राहील, निवृत्तीआधीचं एक वर्ष सुखाने निघेल. हे सगळं त्याच्या मनात रांगेने येऊन गेलं, आणि आपल्या मनात हे येतं याची त्याला किळस वाटली.

खिशात फोन वाजला. मॅबरीचा होता. लिओने फोन घेतला आणि स्पीकर चालू करून बाकावर ठेवला, म्हणजे जे काय होईल ते दोघांनीही ऐकावं.

"काय लिओ, खूश झाला का तुझा म्हातारा? एजंटला लावू फोन?"

व्हर्जिलने मान हलवली. नका, असे त्याचे ओठ हलले.

लिओने तोंड उघडलं. दोन आठवडे याच मॅबरीपुढे तो घसा फोडून बोलला होता. सांगावं तर या माणसाने विश्वासाने हाती दिलेलं बाहेर टाकायचं. न सांगावं तर सप्टेंबरात कधीतरी कुठल्या तरी मैदानावर तोच दणका नेमका तिथे बसलेला बघायचा.

"लिओ? आहेस ना?"

लिओ उठला. व्हर्जिलला वळसा घालून तो उजव्या बाजूला गेला, जिकडे सगळं कळत होतं तिकडे. आणि त्याने व्हर्जिलच्या कमरेवर थाप मारली. जोरात नाही. फिनाऊने पहिल्यांदा मारली असेल तशी.

व्हर्जिलची मान वर उचलली गेली. एक मोजण्याइतका वेळ गेला.

"मॅबरी, मी व्हर्जिल बोलतोय," तो म्हणाला. "मी आता खेळत नाही."

"काय? थांब थांब, पैशाचं काही असेल तर आपण..."

"पैशाचं नाही. माझी पाठ गेलीय. ऑक्टोबरपासून लपवतोय. लिओला आत्ताच कळलं." आणि त्याने फोन बंद केला.

भट्टीतून चरबीचे थेंब निखाऱ्यांवर पडत होते. बरगड्या एका बाजूने काळ्या पडल्या होत्या आणि त्याचं कुणालाच काही नव्हतं. व्हर्जिलने मनगटाने डोळे पुसले.

"फिनाऊला काही बोलू नका, कोच."

"नाही बोलणार. माफी मागायचीय त्याची."

लॉरीन पायरी उतरून पुढे आली आणि तिने त्याला उठवायला हात दिला. व्हर्जिलने तो बाजूला सारला, बाकाची कड धरली आणि आपला आपण उठला. मग तो घराकडे निघाला. डावा पाय ओढत होता, आता लपवायचं कारण उरलं नव्हतं. तिन्ही पायऱ्या चढायला त्याला बराच वेळ लागला. लिओ आणि लॉरीन अंगणात उभे राहून बघत राहिले. दोघांपैकी कुणीही मदतीला पुढे गेलं नाही, आणि तो चालत आत गेला.